छोट्या फाइली स्लो? ‘एनव्हीएमई लावा’ एवढ्यावर भागत नाही

फाइलसिस्टिमवर चालणाऱ्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (प्रत्येक फाइल ‘ऑब्जेक्ट’ म्हणून नावाने ठेवणारी साठवण) छोट्या फाइली लिहायला वेळ लागतो म्हटलं, की ठरलेला सल्ला येतो: डिस्क स्लो आहे, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) लावा, एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का उतरेपर्यंत थांबायला लावणारी आज्ञा) बंद करा, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) वाढवा.

आधी डिस्क. मिनआयओ या ऑब्जेक्ट स्टोरेजच्या सॉफ्टवेअरचं घ्या: १२ ड्राइव्ह, त्यात ४ पॅरिटीचे, म्हणजे ड्राइव्ह मेला तर डेटा परत उभा करणाऱ्या जादा तुकड्यांचे. ४ केबीच्या ऑब्जेक्टचे ८ तुकडे, म्हणजे प्रत्येकी ५१२ बाइट. पण एक्सएफएस या फाइलसिस्टिमचा ब्लॉक (जागा देण्याचं किमान माप) सहसा ४ केबीचा, त्यामुळे १२ ड्राइव्हवर मिळून ४८ केबी गेले. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! जागेहून महाग पडते ती खटपट: प्रत्येक ड्राइव्हवर तात्पुरती फाइल उघडा, लिहा, रिनेम करून जागेवर न्या. डेटा आणि मेटाडेटा (डेटाबद्दलची माहिती) वेगळे ठेवले तर २४ फाइली. म्हणून मिनआयओ छोट्या ऑब्जेक्टचा डेटा मेटाडेटाच्या फाइलीतच कोंबतं. २४ च्या १२ झाल्या, हार्डवेअरला हात न लावता. एनव्हीएमईने फरक पडतोच. ७२०० आरपीएमच्या डिस्कला नुसत्या एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. पण पॉवर-लॉस प्रोटेक्शन (वीज गेली तरी ड्राइव्हच्या कॅशमधला डेटा वाचवणारी सोय) नसलेला स्वस्तातला ड्राइव्ह घेतलात, तर एफसिंकच्या वेळी तो रडवतो.

एफसिंक बंद केल्यावर वेग दिसतो, कारण डेटा अजून रॅममध्येच आहे. एक्सएफएसच्या जर्नलमध्ये (बदल आधी टिपून ठेवायची वही) मेटाडेटा जातो, फाइलीतला डेटा नाही. वीज गेली तर फाइलीचं नाव जागेवर आणि आत शून्य बाइट, असं होऊ शकतं. ‘इरेझर कोडिंग (वरची तुकडे-पॅरिटीची पद्धत) आहे ना’ हे उत्तर एखादा ड्राइव्ह मेला तर ठीक. सगळे ड्राइव्ह असलेल्या अख्ख्या रॅकचीच वीज गेली तर बाराही तुकडे एकदम पोकळ.

थ्रेडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एकाच वेळी आलेले एफसिंक जर्नलच्या एका कमिटमध्ये उरकू शकतात. पण लिनक्समध्ये एका डिरेक्टरीतून दुसरीत रिनेम करताना अख्ख्या फाइलसिस्टिमला एकच लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) असतं, आणि तात्पुरत्या डिरेक्टरीतून बकेटकडे (ऑब्जेक्टच्या कायमच्या जागेकडे) निघालेली प्रत्येक फाइल त्याच रांगेत उभी राहते. ओपनस्टॅक स्विफ्ट हे दुसरं ऑब्जेक्ट स्टोरेज इथे हुशारी करतं: कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) साथ असेल तर बिननावाची फाइल लिहून शेवटी तिला लिंक करतं, म्हणजे नाव जोडतं, रिनेमची भानगडच नाही.

फेसबुकच्या हेस्टॅक या फोटो साठवणाऱ्या प्रणालीने तर प्रत्येक फोटोला वेगळी फाइल देणंच सोडलं. मोठ्या फाइलीच्या शेवटी फोटो जोडत जायचे. २०१० च्या त्यांच्या पेपरात मुख्य दुखणं वाचण्याचं होतं, पण लिहिणंही त्यामुळे स्वस्त झालं. फुकट मात्र नाही: डिलीट केलेल्यांची जागा परत मिळवायला कॉम्पॅक्शन (उरलेले फोटो नव्या फाइलीत उतरवून घेणं) चालवावं लागतं, आणि ते त्याच डिस्कवर चालतं.