‘कॅड म्हणजे डोळ्यांचं काम’ म्हणणाऱ्यांना

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: ‘अंध मुलांना इंजिनिअरिंगला घेणं ही त्यांचीच फसवणूक आहे.’ खाली चार कारणं. भाचीला फोननं तो मेसेज वाचून दाखवला. रात्री तिनं विचारलं, ‘मामा, खरंय का हे?’ ती बारावीत आहे, तिला जन्मापासून दिसत नाही. मी वीस वर्षं टूलरूममध्ये ड्रॉइंगं तपासतोय, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

पहिलं कारण: कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करणं, हे चित्राचं काम, डोळ्यांशिवाय अशक्य. यातलं अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. नेहमीच्या कॅडमध्ये माउसनं रेघ ओढली, तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फक्त विंडोचं नाव सांगतो, रेघेबद्दल चकार शब्द नाही. पण तो दोष सॉफ्टवेअरचा, मुलीचा नव्हे. ओपनएससीएडी नावाच्या कॅडमध्ये भाग काढत नाहीत, कोडमध्ये लिहितात. भाचीनं लिहिलं: ६० बाय ४० ची, १० मिलिमीटर जाडीची प्लेट, त्यातून ८ मिलिमीटरचं भोक वजा. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरनं आकडा न् आकडा वाचून दाखवला. मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर प्लेट छापली. तिनं कडेनं बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘मामा, भोक मधे नाहीये. कोपरा खाल्लाय.’ अगदी बरोबर. ओपनएससीएडीत ठोकळ्याचा कोपरा शून्यावर असतो, आणि भोक पाडणाऱ्या दंडगोलाचा मध्य शून्यावर. पहिल्या दिवशी डोळसही इथंच चुकतात. तिनं भोक ३० आणि २० नं सरकवलं, दुसरी प्लेट नीट आली.

दर बदलाला छापत बसणं वेळखाऊ आहे, मान्य. त्यावरही काम झालंय. स्टॅनफर्डच्या गटानं २०१९ मध्ये शेपकॅड मांडलं: कोड चालवला की बारीक खुंट्या वर-खाली होतात आणि आकार हाताला लागतो. त्या कामातले एक संशोधक, जोशुआ मीली, स्वतः अंध आहेत.

दुसरं कारण, लाखोंचा खर्च. एनव्हीडीए फुकट, ओपनएससीएडीही फुकट. पुढे.

तिसरं वाचून डोकंच फिरलं: ‘अंधानं डिझाइन केलेला पूल पडेल.’ पुलाचं डिझाइन एकट्याच्या भरवशावर कुठे उभं राहतं? ते दुसरे तपासतात. आणि तुळईतला ताण डोळ्यांना दिसतच नाही, तो आकड्यांत कळतो. माझ्या टेबलावर रोज येणाऱ्या चुका डोळसांच्याच असतात. असली भीती घालून कुणाची वाट अडवताय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवल्यात.

चौथं, ‘त्यांनी गाणं शिकावं.’ भाचीला गाण्यात रस नाही. सध्या तिच्या प्लेटमध्ये एम-८ चा, म्हणजे ८ मिलिमीटरचा, बोल्ट जात नाहीये, छापताना भोक जरा आवळतं. काल तिनं ८ चं ८.४ केलं.