‘सरकारी काम किचकटच असतंय’ म्हणणाऱ्यांसाठी

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सरकारी काम मुळातच किचकट, म्हणून ऑनलाईन अर्जही किचकट असणारच. सोपा केला तर तपासणी ढिली पडेल, बोगस अर्ज घुसतील. लोकांनीच शिकावं, नाही जमलं तर भरून देणारे आहेतच. त्या भरून देणाऱ्यांपैकीच मी एक. करवीर तालुक्यातली माणसं वारसनोंद, दाखले असली कामं घेऊन माझ्या दुकानात येतात. तरी मला हे पटत नाही.

सोप्या अर्जानं तपासणी ढिली पडते? एका अर्जात ‘क्षेत्र’ असा नुसता चौकोन होता, शेजारी बारीक अक्षरात ‘हे.आर.’ आपला शेतकरी बोलतो एकर-गुंठ्यात. ‘एक एकर टाका ओ’ म्हटल्यावर दुकानातल्या नवख्या पोरानं १ टाकला. झाला की एकराचा हेक्टर, म्हणजे जवळपास अडीच एकर! सातबाऱ्यावर एक एकर ०.४०.४७ असा दिसतो. हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन चौकोन ठेवले आणि हेक्टरात १ टाकताच खाली ‘म्हणजे सुमारे ९९ गुंठे’ असं दिसलं, तर ४० गुंठ्यांचा एकर सांगणारा शेतकरी स्वतःच ओरडेल, ‘आरं, चुकलं!’ साहेबाच्या टेबलावर जायच्या आधीच तपासणी झाली.

लोक शिकत नाहीत म्हणे. मी रोज हेच करतो, तरी कुठल्या चौकोनाला काय चालत नाही याची वही ठेवावी लागते. सातबाऱ्यावर गट नंबर मराठी आकड्यांत, तो तसाच टाकला की ‘चुकीची माहिती’. इंग्रजी आकडे पाहिजेत, एवढं सांगायला काय जातंय?

राहिला मुळातला किचकटपणा. तो आहे, मान्य. वारसाचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची नोंद, धरला की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे १५ दिवस कुणी कमी करा म्हणत नाही, हरकत घेणाऱ्याचा तो हक्क आहे. पण स्क्रीनवर महिनाभर एकच शब्द: ‘प्रक्रियेत’. नोटीस कधी निघाली, मुदत कधी संपते, कागद आता कुणाकडे, हे कार्यालयाला माहीत असतंच. अर्जदाराला ते दिसत नाही, यात कायद्याचा काय दोष? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदतीत सेवा मिळण्याचा आणि न मिळाल्यास अपिलाचा हक्क दिला. तारीखच दिसत नसेल तर अपील कधी करायचं?

आणि ‘भरून देणारे आहेतच’. आहोत की. वडणग्याच्या एक आक्का दर सोमवारी एसटीनं येतात, नुसतं ‘आलं काय ओ?’ विचारायला. मी नंबर टाकतो, ‘प्रक्रियेत’ वाचून दाखवतो, त्या पदराची गाठ सोडून वीस रुपये पुढं करतात. घ्यायची लाज वाटते, आणि दोनदा घेतलेतही.