मुलगा अमेरिकेत आहे हे लपवा म्हणणाऱ्या मेसेजचं ऐकू नका

सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा पाहिजे असेल तर मुलगा-मुलगी तिकडे आहे हे सांगू नका, खात्यात 15 लाख दाखवा, तिकीट आधीच काढा, एजंटशिवाय काम होत नाही आणि एकदा व्हिसा मिळाला की 10 वर्षं निवांत राहा. आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढलेले काका-काकू हे खरं धरून चाललेत, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे पोरगं लपवायचा. डीएस-160 म्हणजे व्हिसासाठी ऑनलाईन भरायचा फॉर्म, त्यात सरळच विचारलंय की जवळचं कुणी अमेरिकेत आहे का, असेल तर नाव, नातं आणि तो तिथला नागरिक आहे, ग्रीन कार्डवाला आहे का कामाच्या व्हिसावर आहे. आणि मुलगा स्वतः गेला तेव्हा त्याच्या फॉर्मात आई-वडलांची नावं त्यानंच भरलीयत की! तुम्ही ‘नाही’ लिहिलं आणि ते उघडं पडलं तर विषय नुसत्या रिजेक्शनवर थांबत नाही, खोटी माहिती दिली म्हणून कायमची बंदी लागू शकते, म्हणजे नातवाचं तोंड बघायला जायचा रस्ताच बंद. बरं, मुलगा तिकडे असणं हा काही गुन्हा नाही, त्याला भेटायला जाणं हेच तर या व्हिसाचं एक कारण आहे. नकार बहुतेक वेळा अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातल्या 214(बी) कलमाखाली येतो. त्यात कायदा धरूनच चालतो की तुम्ही कायमचं राहायला निघालाय, तसं नाही हे तुम्ही पटवायचं. मग जे खरं आहे तेच सांगा ना, पेन्शन इथं आहे, चादरीचा कारखाना आहे, मंगळवेढ्याला शेती आहे, धाकटीचं लग्न व्हायचंय.

15 लाखाचं म्हणाल तर असा कुठलाच किमान आकडा ठरलेला नाही. खर्च मुलगा करणार असेल तर फॉर्ममध्ये तसं लिहायची सोय आहे. मेव्हण्याकडनं उसने घेऊन आठ दिवसांसाठी खात्यात टाकलेले पैसे स्टेटमेंटवर लगेच दिसतात, उलट संशय वाढतो. मुलाचं आमंत्रणपत्र किंवा स्पॉन्सरशिपचे कागदसुद्धा सक्तीचे नाहीत, इंटरव्ह्यूत कित्येकदा वकिलातीतला ऑफिसर फाईल उघडायलाही सांगत नाही, खिडकीपाशी उभं राहून दोन-चार प्रश्न, झालं.

तिकीट आधी काढू नका, व्हिसा हातात आल्याशिवाय काढू नका असं अमेरिकन वकिलातवाले स्वतःच सांगतात.

आता एजंट. फॉर्म भरायला मदत घ्यायला काहीच हरकत नाही, फॉर्ममध्येच विचारतात की भरायला कुणी मदत केली का, तिथं खरं नाव द्यायचं. पण एजंट स्वतःचा ईमेल आणि पासवर्ड टाकून अकाउंट उघडतो, आणि मग अपॉइंटमेंटची तारीख बदलायची म्हटली तरी त्याच्याच दारात उभं राहायचं. ईमेल घरच्याच कुणाचा द्या, अॅप्लिकेशन आयडी वहीत लिहून ठेवा. व्हिसाच्या अर्जाची फी 2023 च्या जूनपासून 185 डॉलर आहे, नकार आला तरी परत मिळत नाही. आणि व्हिसा द्यायचा की नाही हे ऑफिसर ठरवतो, त्यामुळं ‘गॅरंटी’ देणारा कुणीही असो, ती त्याच्या हातातली गोष्टच नाही. आणि इंग्रजी येत नाही म्हणून एजंटनं दिलेली उत्तरं पाठ करत बसू नका हो, मुंबईत मराठीत इंटरव्ह्यू देता येतो, घरात तेलुगू बोलत असाल तर हैदराबाद निवडा, आपल्याला मुंबईपेक्षा जवळही पडतं.

राहिलं 10 वर्षांचं. व्हिसा 10 वर्षांचा मिळतो म्हणजे तेवढ्या काळात परत परत जाता येतं. एका खेपेला किती राहायचं ते तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेकदा सहा महिने देतात, आणि ती तारीख आय-94 वर, म्हणजे तुमच्या तिकडच्या प्रवेशाच्या नोंदीवर असते. मुदत वाढवून न घेता त्या तारखेच्या पुढं राहिलात तर तो 10 वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द. त्यामुळं उतरल्या-उतरल्या सुनेला नाहीतर पोराला आय-94 ऑनलाईन काढायला लावा, आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलं आहे का ते तेव्हाच बघून घ्या.