छातीचा एक एक्स-रे आणि ‘पिशवी साफ करून घ्या’

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

दुपारी एक्स-रेच्या खिडकीशी कळव्याची एक बाई आली, सोबत सासूबाई. हातात फिल्मचं पाकीट, आणि पाकिटाच्या मागे कुठल्याशा दवाखान्यातल्या पेनाने लिहिलेलं: ‘रेडिएशन झालंय, पिशवी साफ करून घ्या.’ तीन आठवडे खोकला म्हणून छातीचा एक्स-रे काढला, नंतर दिवस गेल्याचं कळलं. सहावा आठवडा. वर कुणीतरी सांगितलेलं की मूल झालंच तर त्याला प्रतिकारशक्तीच नसेल, जन्मभर आजारी राहील. मात्रा किती गेली, हे एकानेही विचारलं नव्हतं.

छातीचा एक्स-रे काढताना किरण सोडणारी ट्यूब सहा फूट अंतरावर असते, किरण पाठीकडून येतात आणि चौकट फुफ्फुसांपुरती बांधलेली असते. गर्भाशयापर्यंत पोचतो तो अंगातल्या अंगात विखुरलेला अंश, 0.01 मिलीग्रेहूनही कमी (मिलीग्रे म्हणजे अंगात गेलेली किरणांची मात्रा मोजायचं माप). नऊ महिन्यांत जमिनीतून, आभाळातून आणि आईच्या स्वतःच्या शरीरातून गर्भाला मिळतो साधारण अर्धा ते एक मिलीग्रे. म्हणजे त्या एक्स-रेचा हिशेब तीन-चार दिवसांत असाही पुरा होतो. (शिशाच्या ॲप्रनवरून भांडू नका. शरीराच्या आत विखुरलेल्या किरणांना बाहेरचा ॲप्रन काय अडवणार? चौकट नीट बांधणं आणि फिल्म पुन्हा काढायची वेळ न येऊ देणं, खरा फरक तिथे पडतो.)

आता प्रतिकारशक्ती. गर्भाचं रक्त आधी पीतकोशात (गर्भाला जोडलेल्या एका छोट्या पिशवीत) तयार होतं, मग यकृतात, आणि शेवटच्या महिन्यांत मुख्यतः हाडांच्या मगजात. रोगांशी लढणाऱ्या टी पेशींच्या पूर्वज पेशी थायमसमध्ये (छातीतल्या एका ग्रंथीत) पोचतात त्या आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास. लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी, किरणांना फार नाजूक, हे खरंच. पण नाजूक म्हणजे किती? मोठ्या माणसाचं रक्त बनणं मंदावायला एका दमात 500 मिलीग्रेच्या आसपास लागतात. पाकिटातल्या एक्स-रेच्या पन्नास हजार पट!

हिरोशिमा-नागासाकीच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्यांमध्ये कित्येक दशकांनी नव्या टी पेशी कमी आणि दाह दाखवणारे घटक थोडे जास्त सापडले. त्यावरूनच ही भीती इकडे आली असावी. पण तेव्हा पोटात असलेल्यांच्या लिम्फोसाइट चाळिशीत तपासल्या, तर आयांच्या गुणसूत्रांत दिसलेली मोडतोड मुलांमध्ये तशी दिसली नाही. बिघडलेल्या मूळपेशी वाढीच्या ओघात गळून पडत असाव्यात, असा तज्ज्ञांचा अंदाज. त्या मुलांचं मोठं नुकसान झालं ते मेंदूचं, आठव्या ते पंधराव्या आठवड्यात जास्त मात्रा मिळालेल्यांचं.

बरं, मान्य: ब्रिटिश डॉक्टर ॲलिस स्टुअर्ट यांनी 1950च्या दशकात दाखवलं की गरोदरपणी ओटीपोटाचे एक्स-रे झालेल्यांच्या मुलांत ल्युकेमिया आणि इतर कॅन्सर थोडे जास्त दिसतात, आणि ते सुमारे 10 मिलीग्रेवर. म्हणून ओटीपोटाचा सीटी ही चेष्टा नाही, तिथे 10 ते 50 मिलीग्रे जाऊ शकतात. तेव्हा टेबलावर घेण्याआधी शेवटच्या पाळीची तारीख विचारायची म्हणजे विचारायची. ‘प्रेग्नंट नाही ना?’ असा उरकलेला प्रश्न चालणार नाही. चुकून झालाच, तर सीटीच्या डोस पानाची प्रत घ्या आणि फिजिसिस्टकडून गर्भाची मात्रा काढून घ्या. मात्रा 100 मिलीग्रेखाली असेल तर किरणांपायी गर्भपात करून घ्यायचं कारण नाही, असं आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाने 2000 सालीच लिहून ठेवलंय. आणि इथे एका पेनाने निकाल लावून टाकला!

1986 साली चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये हेच झालं. मात्रा एक मिलीसिव्हर्टच्याही (इथे मिलीग्रेइतकंच धरा) आत, तरी सुरुवातीच्या गर्भधारणांपैकी अंदाजे 23 टक्के भीतीपोटी पाडल्या गेल्या. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या (थोरियम असलेल्या खनिजाच्या) वाळूमुळे काही गावांत वर्षाला 40 मिलीग्रेच्या वर मिळतात. तिथली लाखाहून जास्त नवजात बाळं मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तपासली. जन्मजात व्यंगं वाढलेली आढळली नाहीत. ठाण्याचा काळा कातळ तर त्यामानाने अगदीच गरीब, त्यात युरेनियम-थोरियम नावालाच.

लिहिता लिहिता सासूबाईंवरचा राग उतरला. त्या ओरडत नव्हत्या. पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून एवढंच विचारत होत्या, “बाळाला लशी तरी चालतील ना?” चालतील, आजी. सगळ्या, वेळेवर. बीसीजी जन्मल्या जन्मल्या. आणि प्रतिकारशक्तीचं म्हणून कुठलंही चूर्ण सुनेला देऊ नका, गरोदर बाईला काय आणि किती चालतं ते तिच्या डॉक्टरांना विचारा.

सोनोग्राफीचंही विचारलं. त्यात किरणच नाहीत, आवाजाच्या लहरी आहेत. करा.

पाकिटावर त्या वाक्याखाली मात्रा लिहून दिली. मग आतला रिपोर्ट उघडला, जो या सगळ्या गोंधळात कुणी वाचलाच नव्हता. उजव्या फुफ्फुसात वर डाग, टीबीची शंका, थुंकी तपासा. गरोदरपणी टीबी अंगावर काढणं आई आणि बाळ दोघांना महागात पडतं, आणि नेहमीच्या गोळ्या गरोदर बाईला चालतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

तीन आठवड्यांचा खोकला आता पाच आठवड्यांचा झालाय. उद्या सकाळी थुंकीची डबी घेऊन जाणार आहे ती.