डिस्चार्जच्या आधी दहा मिनिटं आईबापांना द्या

लहान मुलांची हर्नियाची ऑपरेशनं आता सकाळी करून संध्याकाळी घरी सोडतात. चांगलंच आहे, पोर आपल्या घरी झोपतं. पण मग नर्सचं काम आईबापांवर येतं आणि ते त्यांना कोणी शिकवतच नाही, याचा मला मनापासून राग येतो.

माझ्या भाच्याचं झालं, ठाण्यातच, चार वर्षांचा आहे. पेपरवर पॅरासिटामॉल आणि पुढे एसओएस, म्हणजे गरज लागली तरच, तोंडी काय तर "दुखलं तर द्या". घोडबंदरचे खड्डे खात घरी येईपर्यंत भुलीचा असर उतरत आलेला. पोरगं रडत नव्हतं म्हणून ताई-भावोजी औषध द्यायचे थांबले, पण तो पाय पोटाशी घेऊन गप्प पडलेला, वरणभाताचा घास तोंडात तसाच धरून, शूला उठायला तयार नाही. अहो हे दुखणंच आहे! कॅनडात आईबापांसाठी १५ प्रश्नांची यादीच केलीये, कमी खेळतोय का, कमी जेवतोय का, गप्प झालाय का, जास्त बिलगतोय का, असले साधे प्रश्न, आणि सहा किंवा जास्त "हो" आले की चांगलंच दुखतंय असं धरायचं. आपल्याकडे हे मराठीत छापून हातात द्यायला काय जातं?

ताई ऑफिसात अख्खी टीम सांभाळते, घाबरट अजिबात नाही, पण सिरप भरताना तिचे हात कापत होते. कारण बाटलीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आहे की २५० हे कोणी दाखवलंच नव्हतं, डोस वजनावर असतो हे पण नाही, त्यात सासूबाई म्हणतायत सारखं औषध नको गं, लिव्हर खराब होतं. शेवटी डॉक्टरांना फोन लावला तेव्हा त्यांनी मिली सांगितले, दर सहा तासांनी द्या, रडायची वाट बघू नका, २४ तासांत चार डोसच्या वर नाही आणि सर्दीचं सिरप सोबत नको, त्यातही पॅरासिटामॉल असू शकतं. एवढं कळल्यावर ताईने घड्याळ लावून औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी पोरगं गाड्या घेऊन जमिनीवर.

ज्यांच्या मुलांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी निघायच्या आधी तिथेच नर्सला सिरिंजमध्ये औषध भरून दाखवा, पहिले दोन दिवस किती वाजता द्यायचं ते लिहून घ्या, आणि रात्री उलट्या, ताप, सूज किंवा रक्त दिसलं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा ते विचारल्याशिवाय उठू नका.