करार पुरे, महिन्यातून एक दिवस एकत्र बसू या

आमच्या तालुक्यात सीनियर कॉलेज आहे, आयटीआय आहे, जिल्हा परिषदेच्या शाळा तर वाडीवस्तीपर्यंत आहेत. विज्ञान सगळीकडेच शिकवतात. पण कॉलेजातले फिजिक्सचे प्राध्यापक, आयटीआयचे निदेशक आणि सातवीला विज्ञान शिकवणारी माझ्यासारखी शिक्षिका कामासाठी कधी एका टेबलाशी बसलेले मी पाहिले नाहीत. कॉलेजांचे सामंजस्य करार होतात, फोटो निघतो, कागद नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) फाइलला लागतो. पुढे काही घडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण हे घडू शकतं. मध्य प्रदेशात घडलंय. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या (आता नर्मदापुरम) सहावी ते आठवीच्या १६ सरकारी शाळांत किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ तिथे येऊन राहिले. १९७८ मध्ये काम जिल्हाभर पसरलं, १९८२ मध्ये त्यासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली.

मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती मासिक गोष्ठी. आसपासच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमायचे. कुठला प्रयोग वर्गात फसला, मुलांनी काय विचारलं, हे मांडायचे. आणि त्यावरून 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांतले धडे बदलले जायचे! शिक्षकाचं म्हणणं शास्त्रज्ञाला ऐकून घ्यावंच लागायचं, कारण वर्ग शिक्षकाने पाहिलेला असायचा. फूल उकलायला सुईऐवजी बाभळीचा काटा चालतो, ही अक्कल अशाच ठिकाणी सुचते. मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला 'सवालीराम' हे काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याच्या नावाने पत्रं टाकायची आणि उत्तरं खरोखर यायची.

खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता तेव्हा पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) इंजिनिअर होते. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते तिथे गेले. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायची त्यांची कल्पना तिथलीच. चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. माझ्या वर्गातली मुलं हे करून बघतात आणि मग गावातल्या पत्र्याच्या शेडच्या कैच्यांकडे, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी चौकटींकडे, मान वर करून बघायला लागतात. कारखान्यातला माणूस खेड्यातल्या शाळेत गेला नसता, तर हे माझ्यापर्यंत आलंच नसतं.

२००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. ३० वर्षांचं काम होतं ते. राग येतो.

पण आपल्याकडे सांगाडा तयार आहे. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्या केंद्रस्तरावर दर महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. त्यातला वेळ पत्रकं वाचण्यात आणि माहिती भरण्यात जाऊ नये. दोन तास प्रयोगांना द्या. कॉलेजच्या प्राध्यापकांना, आयटीआयच्या निदेशकांना बोलवा, भाषणाला नाही, सोबत बसून करून बघायला. प्राचार्यांनी त्यांचा तो दिवस ऑन ड्यूटी धरावा. रविवारी, स्वतःच्या खर्चाने या म्हटलं की चार महिन्यांत कोणी उरत नाही.

आमच्या तालुक्यातले कोणी प्राध्यापक, निदेशक हे वाचत असतील तर कमेंटमध्ये नाव टाका. केंद्रप्रमुखांशी मी बोलते. पहिल्या बैठकीला 'विद्युतधारा' घेऊ, तिथे मुलं सगळ्यात जास्त अडतात.