‘दोन लगावल्या असत्या तर…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली नाही, काळजीने लिहिलेली आहे, हे वाचताना जाणवलं. म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चतुर्थीच्या दुपारी आमच्या बालगृहातल्या 14 वर्षांच्या मुलाने भरलं ताट भिरकावलं आणि पडवीतला बांबू घेऊन खिडकीच्या तीन काचा फोडल्या. मी त्याला धरलं नाही, ओरडलो नाही. थोड्या अंतरावर पायरीवर बसून राहिलो. पाऊण तासाने त्याने बांबू टाकला. यावर तुम्ही लिहिलंत: “34 वर्षं शाळेत काढली. वेळेवर दोन लगावल्या असत्या तर पाच मिनिटांत मिटलं असतं. तुमच्या बसण्यातून बाकीची मुलं एवढंच शिकली की धिंगाणा घातला की मोठी माणसं शेजारी येऊन बसतात. हातात बांबूऐवजी कोयती असती तर? आणि काचांचा हिशेब कोणी दिला?”

कोयतीपासून सुरुवात करतो, कारण तिथे माझं लिहिणं अपुरं होतं. लेख वाचून वाटेल की मी सरळ जाऊन बसलो. तसं नव्हतं. आधी स्वयंपाकाच्या मावशींनी बाकीच्या मुलांना मागच्या दाराने आगरात नेलं. जाताना विळी, कोयती, जे हाताला लागेल ते आत ठेवून कडी घातली. मी त्याच्यापासून बांबूच्या लांबीहून जास्त अंतर ठेवून, अंग तिरकं करून उभा राहिलो. त्याची बाहेर पडायची वाट मोकळी ठेवली. हे सगळं झाल्यावर बसलो. कोयती असती तर बसलोच नसतो. अंतर वाढवलं असतं, मुलं आणखी लांब नेली असती आणि मदत बोलावली असती. जीव वाचवण्यासाठी धरावं लागलं तर धरावंच लागतं, पण तेही शिकलेल्या दोन माणसांनी आणि कमीत कमी वेळ. पालथं पाडून पाठीवर बसणं तर कधीच नाही. तसं केल्याने श्वास कोंडून मुलं दगावलेली आहेत.

आता त्या दोन थपडा. तुमच्या शाळेतला मुलगा मार खाऊन संध्याकाळी घरी जायचा. आई रागावली तरी पुढ्यात पेज ठेवायची. मास्तर वेगळे आणि घर वेगळं. आमच्याकडे मात्र ज्याने मारलं त्याच्याच हातचं रात्री जेवायचं असतं आणि त्याच्याच छपराखाली झोपायचं असतं. बहुतेक मुलं मार खाऊनच आमच्यापर्यंत पोचलेली असतात. मोठ्या माणसाचा हात वर गेला की पुढे काय होतं, ते त्यांना आपल्यापेक्षा नीट ठाऊक असतं. पाच मिनिटांत मिटलं असतं हे खरं. मूल घाबरून गप्प झालं असतं, आणि आपण त्याला शांत झालं म्हटलं असतं.

कायदाही आहेच. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 82 नुसार संस्थेतल्या मुलाला शिस्तीसाठी मारणं हा गुन्हा आहे: पहिल्यांदा 10,000 रुपये दंड, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पण मी कायद्याच्या धाकाने थांबलो असं कृपया समजू नका.

त्या दिवशी काय झालं होतं ते जरा पाहा. बाल कल्याण समितीकडून रजेचा कागद आधीच आला होता. पिशवी भरून खाटेखाली ठेवलेली. मामा सकाळच्या गाडीने न्यायला येणार होता. शेजारच्या वाडीत घरोघरी चाकरमानी आले होते, आरत्या चालू होत्या. हा फाटकापर्यंत जाऊन जाऊन परत येत होता. अंघोळीनंतर कोणाशी बोलला नव्हता, दात आवळलेले होते. हे मी पाहिलं होतं आणि दुर्लक्ष केलं होतं, माझी चूक तिथे झाली. जेवायला बसल्यावर पानात मोदक पडला. म्हणजे आता इथेच चतुर्थी. ताट उडालं ते तेव्हा.

अशा वेळी समजूत घालणं फुकट जातं. अंगात ॲड्रेनलिन उसळलेलं असतं, आणि थांबून विचार करायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीच्या आसपास कुठे पुरता तयार होतो. “का केलंस?” हा प्रश्न त्या क्षणी त्याला आरोपासारखाच ऐकू येतो. कॉर्नेल विद्यापीठात 1980 च्या दशकात अशा संस्थांतल्या कर्मचाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण तयार झालं. त्यात स्वतःला विचारायचे चार प्रश्न आहेत: मला आत्ता काय वाटतंय, या मुलाला काय वाटतंय आणि काय हवंय, आजूबाजूच्या परिस्थितीचा त्याच्यावर काय परिणाम होतोय, आणि मी कसं वागलो तर बरं. पहिला प्रश्न मुलाविषयी नाही, माझ्याविषयी आहे. माझ्या घरचा गणपती सोडून मी ड्यूटीवर होतो, भूक लागली होती, आणि देणगी द्यायला आलेल्या पाहुण्यांसमोर माझा अपमान झाला असं मला वाटत होतं. थप्पड मारली असती तर ती या तिन्हींसाठी मारली असती. मामा न आल्याचं दुःख त्या थपडेत कुठेच नव्हतं.

पाऊण तासात मी फार तर चार वाक्यं बोललो, हळू आवाजात. “मी इथेच आहे.” “पाणी ठेवलंय.” शेवटी तोच म्हणाला, “मामा येवचो नाय. माका म्हायत होतां.” मी हो म्हटलं. मामा उद्या येईल असं म्हणालो नाही, कारण ते मला माहीत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका मुलाचं मनगट पकडलं होतं. हेतू वाईट नव्हता. तो कडकडून चावला आणि पुढे तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. त्याच्या मनगटावर आधीच कोणाच्या हाताची आठवण होती, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी हात लावत नाही.

बाकीच्या मुलांबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. सगळं लक्ष धिंगाण्यालाच मिळालं तर मुलं तेच शिकतील. म्हणून शांत मुलाजवळही रोज थोडा वेळ बसावं लागतं. रात्री एक काळजीवाहक आणि वीसच्या वर मुलं असतील तर ते जमत नाही. त्यासाठी माणसं वाढवायला हवीत, हे मी जिथे सांगता येईल तिथे सांगतो. त्या दुपारी आगरात गेलेल्या मुलांतला सात वर्षांचा एक जण रात्री अंथरुणात रडत होता. त्याच्याविषयी मी लेखात एक ओळही लिहिली नाही. ती लिहायला हवी होती.

आणि शिस्त? ती झाली, पण दुसऱ्या दिवशी. तो झोपून उठला, घावन खाल्ले, मग आम्ही त्याच पडवीत बसलो. काय झालं ते आधी त्याने सांगितलं, मग मी. फाटकाजवळून परत येताना पोटात गोळा येत होता, असं तो म्हणाला. पुढच्या वेळी तसं झालं की मावशींना किंवा मला येऊन सांगायचं, शब्द सुचले नाहीत तर नुसतं विहिरीजवळ जाऊन बसायचं, म्हणजे आम्ही समजून येऊ, असं ठरलं. एकदा तो तसा जाऊन बसलाही. एकदा मात्र नाही जमलं, बादली लाथाडली.

काचांचा हिशेब असा. पैसे संस्थेने दिले. तुकडे आम्ही मोठ्यांनी उचलले. बाजारातून काचा आणायला तो माझ्याबरोबर आला आणि रविवारी आम्ही दोघांनी त्या बसवल्या. तिसऱ्या काचेला त्याने मला थांबवलं, कोपऱ्यात लांबी (काच पक्की करायची पुट्टी) कमी पडली होती. ती त्याने स्वतः बोटाने भरली. पावसात तिथून पाणी येत नाही.